नदीपलीकडचं ऑफिस

न्यांबुराचं नाव सुरुवातीला आमगावात कुणालाच नीट घेता आलं नाही. सासूनं, धुरपताबाईनं, पहिल्याच आठवड्यात त्याचं 'अंबू' करून टाकलं आणि मग सगळ्या गल्लीनं तेच धरलं. तिनंही हरकत घेतली नाही.

तिचा नवरा धर्मेंद्र कटरे राईस मिलचा ऑपरेटर. गोंदियाच्या मिलमध्ये हात बसलेल्या माणसांना आफ्रिकेतले मिलवाले बोलावून घेतात, तसा तो केनियात म्वेया गावी गेला होता. मिलच्या कुंपणाला लागूनच न्यांबुराची प्राथमिक शाळा होती. तिथे ओळख झाली, लग्न झालं, चार वर्षं संसार झाला. मग मिल बंद पडली आणि धर्मेंद्र तिला घेऊन आमगावला परत आला. म्वेयातही भाताचीच शेती, त्यामुळे भाताच्या बांधीत साचलेलं पाणी, रोवणी, उकडलेल्या धानाचा वास, यातलं तिला काही नवं नव्हतं. नवं होतं ते लोकांचं बघणं. आठवडी बाजारात ती वांगी निवडायला वाकली की मागे चारदोन मोबाईल वर होत.

परदेशी बायकोला सरकारचं ओसीआय कार्ड हातात आल्याशिवाय काम करता येत नाही. त्या कार्डाला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात ती हिंदी शिकली आणि सासूची बोलीही शिकली. नवऱ्याशी इंग्रजीत, बाजारात हिंदीत आणि चुलीपाशी "माय, मीठ कायले इतकं टाकून राहिली?" असं तिचं चाले. कार्ड आलं त्याच आठवड्यात तिनं शाळांमध्ये अर्ज द्यायला सुरुवात केली. चार ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. पाचव्या ठिकाणचे संचालक म्हातारे होते आणि सरळ बोलणारे होते.

"मॅडम, तुमची इंग्रजी आमच्या सगळ्या टीचरांपेक्षा चांगली आहे," ते हिंदीत म्हणाले. "पण पालकांना इंग्रजीची मॅडम म्हटलं की गोरी पाहिजे. गोरी मिळत नाही म्हणून ते आपल्याकडच्यांवर भागवतात. तुम्हाला नाही घेणार."

ती गोंदिया स्टेशनवर येऊन गाडीची वाट पाहत बसली. आमगावला उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. घरी येऊन तिनं समोरच्या खोलीतली धानाची पोती धर्मेंद्रकडून आत हलवून घेतली, भिंतीला फळा लावला आणि दारावर पाटी टांगली. इंग्रजी बोलायला शिका.

पहिल्या तीन महिन्यांत चारच जण आले. त्यातली दिव्या उईके रोज दरेकसाहून पॅसेंजरनं यायची. दरेकसाच्याही पुढे जंगलात तिचं गाव. बाप नव्हता, आई मंगली तेंदूपत्ता आणि मोहफुलावर घर चालवायची. त्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीवरची, बी. ए. झालेली दिव्या पहिलीच मुलगी. पहिल्या दिवशी तिनं न्यांबुराचं पूर्ण नाव कागदावर लिहून घेतलं, आठ-दहा वेळा पुटपुटलं आणि दुसऱ्या दिवशी ते अगदी बरोबर घेतलं. तिची एक खोड मात्र जाईना. प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या शेवटी ती 'ना' लावायची. "आय विल कम टुमारो ना, मॅडम." न्यांबुरा हसायची, दुरुस्त करायची, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा 'ना' यायचाच.

दुर्गेश तिच्या उलट. स्टेशन रोडवर सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या शालीकरामचा हा मुलगा. त्याला व्याकरण येत नव्हतं, पण कानावर पडलेला कुठलाही आवाज तो जसाच्या तसा काढायचा. बँकेतली बाई, विमानातली बाई, अमेरिकन, इंग्रज. स्वतः न्यांबुरासुद्धा. वर्ग हसून लोळायचा.

चंद्रकुमार आला तो एका रविवारी सकाळी. पस्तिशीतला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. चपला काढताना त्यानं त्या उलट फिरवून दाराकडे तोंड करून ठेवल्या. धुरपताबाईनं ते पाहिलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "हा मानूस बसाले आला का पळाले आला?"

त्याचं गोंदियात स्टेशनजवळ ऑफिस होतं. मुलांना बाहेरदेशी नोकरीला लावतो, असं त्यानं सांगितलं. थायलंडमध्ये कस्टमर केअर, राहणं-खाणं कंपनीचं. "आपल्याकडची मुलं हुशार आहेत, मॅडम. इंग्रजीत तोंड उघडत नाहीत, तेवढंच. तुम्ही तोंड उघडून द्या, पुढचं मी पाहतो."

न्यांबुराला तो माणूस आवडला नाही, पण त्याचं म्हणणं पटलं. ती स्वतः घर सोडून, समुद्र ओलांडून आलेली बाई होती. पोरांनी बाहेर जाऊ नये, असं ती कोणत्या तोंडानं म्हणणार होती? महिनाभरात चंद्रकुमारनं बाजारपेठेत एका दुकानावरचा हॉल मिळवून दिला. खुर्च्या आल्या, कानाला लावायचे हेडफोन आले. हॉलच्या दारावर तिचा मोठा फोटो लागला. जिथे लोक चोरून तिचे फोटो काढत होते, तिथे आता आईबाप पोरांना घेऊन येऊन तिला नमस्कार करू लागले. चाळीसच्या वर मुलं झाली.

मग चंद्रकुमारनं छापील पानं आणून दिली. कंपनीनं पाठवलेले संवाद. यावरच सराव घ्यायचा.

सुरुवातीची पानं साधी होती. नमस्कार, नाव, काय मदत करू. पुढची पानं वाचताना न्यांबुरा थांबली. ग्राहक चिडला तर आवाज खाली आणा. ग्राहक रडला तर घाई करू नका, त्याला बोलू द्या. ग्राहक म्हातारा असेल तर आधी तब्येत विचारा. आणि मग ठळक अक्षरात : तुम्ही आत्ता घरी एकटे आहात का? कृपया घरात कुणाला याबद्दल सांगू नका.

"कस्टमर केअरवाले हे कशाला विचारतील?" तिनं चंद्रकुमारला विचारलं.

"बँकेची गुप्त माहिती असते, मॅडम. शेजारी कुणी ऐकायला नको. ग्राहकाच्याच सुरक्षेसाठी."

ती पानाकडे पाहत राहिली. उत्तर बरोबर वाटत होतं. ते इतक्या तयारीनं आलं, हे तिला खटकलं होतं. पण समोर चाळीस मुलं बसली होती आणि खाली रस्त्यावर त्यांच्या सायकली उभ्या होत्या. तिनं पान उलटलं. दुर्गेशनं ते वाक्य असं काही मऊ आवाजात म्हणून दाखवलं की वर्गात कुणी हसलं नाही.

जूनमध्ये पहिली बॅच निघाली. सहा जण. दिव्या, दुर्गेश आणि आणखी चौघं. नागपूरहून विमान होतं. निघायच्या आदल्या दिवशी मंगली दिव्याला घेऊन हॉलवर आली. पायऱ्या चढून दमली होती. ओच्यातून तिनं चारोळीची पुडी काढून न्यांबुराच्या हातात ठेवली.

"मॅडम, त्या सायबाले मी ओळखत नाई," ती म्हणाली. "तुमाले ओळखतो. तुमी म्हनाल तं पाठवतो."

न्यांबुराला वर्गातली ती पानं आठवली. मग तिनं दिव्याकडे पाहिलं. दिव्यानं नवी बॅग छातीशी धरली होती आणि तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"पाठवा," न्यांबुरा म्हणाली.

पहिले दहा दिवस दिव्याचे निरोप आले. विमानातलं जेवण, बँकॉकचा पूल, खोलीतल्या चार मुली. "फूड इज व्हेरी स्वीट ना, मॅडम." मग तीन आठवडे काहीच नाही. मग एक दिवस निरोप आला. मी बरी आहे. कंपनी चांगली आहे. काम खूप आहे, त्यामुळे फोन करता येत नाही. इंग्रजी निर्दोष होतं. पूर्णविराम जागच्या जागी होते.

न्यांबुरानं तो निरोप चार-पाच वेळा वाचला. ती शिक्षिका होती. आपल्या मुलांच्या चुका ती नावानिशी ओळखायची. या निरोपात दिव्याची एकही चूक नव्हती.

तिनं धर्मेंद्रला दाखवलं. तो मिलमधून येऊन हातपाय धूत होता. "तूच शिकवलं ना?" तो म्हणाला. "शिकली असेल." पण त्यानं मोबाईल परत देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी निरोप यायचा, शब्द तेच. इतर पाच मुलांच्या घरीही तेच शब्द येत होते. न्यांबुरानं एकदा दोन घरी जाऊन ते ताडून पाहिले. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. चंद्रकुमार म्हणाला, कंपनीचा नियम असतो, खासगी निरोपही ऑफिसमधूनच जातात. तो हसून बोलत होता. दुसऱ्या बॅचची अकरा नावं त्यानं फळ्यावर लिहिली.

सप्टेंबर संपत आला होता. धान पोटरीवर आलं होतं. दुपारी न्यांबुरा घरी होती, अंगणात धुरपताबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मोबाईल वाजला. नंबर परदेशातला, लांबलचक.

"गुड आफ्टरनून. मी मिसेस न्यांबुरा यांच्याशी बोलते आहे का?"

सफाईदार इंग्रजी, सरळ रेघेसारखा आवाज. पण नाव अगदी बरोबर घेतलं होतं.

"हो," ती म्हणाली. "दिव्...."

"मॅडम, कृपया माझं आधी ऐकून घ्या," आवाजानं तिला तोडलं. "तुम्ही आत्ता घरी एकट्या आहात का?"

हे वाक्य कितव्या पानावर आहे, ते न्यांबुराला ठाऊक होतं. मुलीच्या आवाजामागे आणखी आवाज ऐकू येत होते. शेकडो माणसं एकाच वेळी हळू बोलत असावीत तशी ती गुणगुण होती. त्यातून मधेच एका पुरुषाचं ओरडणं, अनोळखी भाषेत. दिव्याच्या मागे कुणीतरी उभं आहे, आणि ते ऐकतं आहे.

"हो, एकटी आहे," ती म्हणाली.

"मॅडम, तुमच्या खात्यात एक अडचण दिसते आहे. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत." न्यांबुरानं स्वतःचा आवाज खाली आणला, जसा तिनंच शिकवला होता. "किती खाती अडकली आहेत?"

"सहा, मॅडम. सहाच्या सहा."

"तुमचं ऑफिस बँकॉकला आहे ना?"

"नाही, मॅडम. आमचं ऑफिस हललं आहे. नदीपलीकडे. दुसऱ्या देशात."

"आणि ग्राहकाला खातं बंद करून बाहेर पडायचं असेल तर?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"माफ करा, मॅडम. ती सोय आमच्याकडे नाही."

दिव्यानंच पुढे चालवलं. "आमच्याकडे लवकरच नवे कर्मचारी येणार आहेत. तुम्हाला तक्रार करायची असेल तर त्याआधी केलेली बरी. तुमचा वेळ दिल्याबद्दल आभारी आहे, ना."

फोन बंद झाला. तो शेवटचा 'ना' कानात घेऊन न्यांबुरा अंगणात आली. धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं.

"का झालं वं अंबू? कोन मेलं?"

"कोनी नाई, माय," ती म्हणाली आणि सूप स्वतःकडे ओढून डाळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती काही ठरवायच्या आतच चंद्रकुमार हॉलवर आला. वर्ग चालू होता. तो शेवटच्या खुर्चीवर शांत बसून राहिला. मुलं गेल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

"काल दिव्यानं तुम्हाला फोन केला होता," तो म्हणाला. "तिकडे सगळे फोन रेकॉर्ड होतात, मॅडम. तिला त्याबद्दल समज दिली आहे."

"समज म्हणजे काय?"

फळ्यावरची अकरा नावं पाहत तो बोलत राहिला. आवाज नेहमीसारखाच हळू. "गुरुवारी ही मुलं जातील. तुम्ही काही करू नका, म्हणजे कुणाला काही होणार नाही. हॉलच्या दारावर फोटो तुमचा आहे. मुलांच्या अर्जांवर शिक्षिका म्हणून सही तुमची आहे. वर्गात तुम्ही म्हणून दाखवलेले संवाद तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवले जातात. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही. आणि तुम्ही तर इथल्या नाहीच. एक कागद गेला की कार्ड जातं. कार्ड गेलं की घर जातं. धर्मेंद्रभाऊंना विचारून पाहा."

जाताना त्यानं पंखा बंद केला.

धर्मेंद्रनं पाटावर बसून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गप्प राहा. क्लास बंद कर. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"आणि ती अकरा मुलं?"

"तू त्यांना ओळखतेस किती? तुला इथून काढून टाकलं तर मी काय करू? तू बाहेरची आहेस, हे तू विसरतेस. इथे कुणी विसरत नाही."

हे त्यानं इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो उठून मोटारसायकल पुसू लागला. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. न्यांबुरा बाहेर आली.

"मंगलीच्या गावी ने मला," ती म्हणाली. "मुलगी तिची आहे. काय करायचं ते तिला विचारल्याशिवाय मी करणार नाही. गप्प राहायचं असेल तरी तिला विचारूनच राहीन."

त्यानं गाडी सुरू केली.

सालेकसा सोडल्यावर रस्ता जंगलात शिरला. मंगली घराच्या मागे शेणी थापत होती. न्यांबुराला पाहून ती हात धुवायला धावली. पोरीची खबर घेऊन मॅडम स्वतः आल्या, असंच तिला वाटलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून न्यांबुराला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. पण ती शेणाच्या ढिगाशेजारीच खाली बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत तिनं सगळं सांगितलं. ती पानं, तो फोन, नदीपलीकडचं ऑफिस, समज दिली म्हणजे काय असू शकतं ते. शेवटी म्हणाली, "तुमी मले विचारलं होतं. मी पाठवा म्हनलं. मले शंका होती, तरी म्हनलं."

मंगलीनं ओल्या हातांनी तिला एक थोबाडीत मारली. धर्मेंद्र पुढे झाला, न्यांबुरानं त्याला हातानं थांबवलं. मंगली तिथेच बसून पदरात तोंड घालून रडली. आजूबाजूच्या घरातल्या बायका गोळा झाल्या आणि दूर उभ्या राहिल्या.

"बोललो तं मारतीन तिले?" मंगलीनं तोंड पुसून विचारलं.

"मारतीन, वाटते."

"नाई बोललो तं?"

न्यांबुरा तिच्या आणखी जवळ सरकली.

"तरी मारतीनच," मंगलीनंच सांगितलं. "मंग बोलू. चाल."

त्याच दिवशी ते तिघं पोलिसांकडे गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं दोन तास ऐकून घेतलं. न्यांबुरानं ती छापील पानं टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यानं सगळी वाचली. ठळक अक्षरांवर त्याचं बोट थांबलं.

"हे तुम्ही शिकवलं?"

"हो."

"माहीत असून?"

"विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते मी मानून घेतलं. मला मानायचंच होतं."

अधिकाऱ्यानं ते तसंच लिहून घेतलं. तिच्या कार्डाच्या नकला घेतल्या, चौकशी होईपर्यंत न सांगता जिल्हा सोडू नका म्हणून सांगितलं. मंगली बाकावर ताठ बसून होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच अशा ठिकाणी पाय ठेवला होता. अंगठा देताना तिनं विचारलं, "याच्यावर पोरीचं नाव बरोबर लिवलं ना, साहेब?"

बुधवारी सकाळी न्यांबुरा हॉलवर गेली. फळ्यावर नावं असलेली अकराही मुलं आली होती, बॅगा भरून झालेल्या होत्या. तिनं त्यांना इंग्रजीत नव्हे, त्यांच्याच बोलीत सांगितलं. काही जण घाबरले. एक मुलगी रडायला लागली. पण मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "आमचं झालं म्हनून तुमाले जळून राहिलं का, मॅडम? तुमी तं आल्या ना परदेशातून इथं. आमी जातो तं काऊन अडवता?" आणखी तिघं त्याच्याबरोबर उठले. पायऱ्यांवरून त्यांच्या बॅगांची चाकं खडखडत खाली गेली. उरलेले सात जण खुर्च्यांना धरून बसून राहिले.

पोलीस पोचले तेव्हा चंद्रकुमारच्या ऑफिसला कुलूप होतं. आत टेबलसुद्धा नव्हतं. शेजारच्या दुकानदारानं त्याचं वेगळंच नाव सांगितलं. ते चौघं नागपूरला न जाता दुसऱ्याच वाटेनं गेले होते. त्यांचे फोन लागले नाहीत.

पुढचे महिने वाईट गेले. हॉलच्या काचा कुणीतरी फोडल्या. गल्लीत बायका तिला पाहून पोरं आत घेऊ लागल्या. पहिल्या बॅचमधल्या एका मुलाचा बाप घरासमोर येऊन तासभर शिव्या देत उभा राहिला आणि न्यांबुरा दार उघडं ठेवून त्या ऐकत बसली. धुरपताबाई मात्र पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे गेली. "पानी पे," ती म्हणाली, "मंग देजो बाकीच्या." धर्मेंद्र रोज मिलला जायचा, रोज परत यायचा. 'बाहेरची' हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही, आणि न्यांबुरानंही त्याला त्याची आठवण दिली नाही. मंगली दर पंधरा दिवसांनी पॅसेंजरनं यायची आणि दोघी मिळून चौकशीला जायच्या. वाटेत बोलणं फारसं नसायचं. एकदा गर्दीत मंगलीनं तिला जागा धरून ठेवली, तेवढंच.

मार्चमध्ये तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला. सीमेपलीकडून सोडवून आणलेल्या लोकांचं एक विमान दिल्लीला उतरलं होतं, त्यात पहिल्या बॅचमधले पाच जण होते; नंतर गेलेल्या चौघांपैकी कुणी नव्हतं. दिव्या होती.

ती गावी आल्यावर आठ दिवस कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी स्वतःच आमगावला आली. वाळली होती. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. न्यांबुरानं त्या बोटांकडे पाहिलं, आणि दिव्यानं हात ओढणीखाली घेतला.

"त्या फोनमुळे?" न्यांबुरानं विचारलं.

"त्याच्याआधीच," दिव्या म्हणाली. ती खोटं बोलत होती, हे दोघींनाही कळलं.

तिनं थोडंथोडं सांगितलं. उंच भिंती, भिंतींवर तारा, पहिल्याच दिवशी काढून घेतलेले पासपोर्ट. रोज तीनशे फोन. फोनवरच्या एका म्हाताऱ्या बाईला तिनं दोन महिने तिच्या मुलीसारखं बोलून नागवलं होतं. ती बाई शेवटच्या फोनवर तिला म्हणाली होती, तू जेवलीस का? एवढं सांगून दिव्या थांबली. ती बोलत होती ते सगळं तिच्या बोलीत. इंग्रजीचा एक शब्द तिनं उच्चारला नाही.

"आणि दुर्गेश?" न्यांबुरानं विचारलं. "तो अजून आतच आहे?"

"आत म्हनजे..." दिव्या जमिनीकडे पाहत राहिली. "मॅडम, आमाले न्यायले शिपाई आले तवा तो दारात उभा होता. चाल म्हनलं तं हसला. त्याले खोली वेगळी देल्ली हाय. तो नव्या लोकाईले शिकवते. बोली लवकर पकडते ना तो, म्हनून. ज्याले नाई जमत त्याले तोच मारते."

एप्रिलच्या उन्हात एके दिवशी शालीकराम आला. दुर्गेशचा बाप. न्यांबुराला वाटलं, आता हाही शिव्या देईल, आणि ती दार पूर्ण उघडून उभी राहिली. पण तो दारातच अदबीनं उभा राहिला. खिशातून नवा मोबाईल काढून त्यानं तिला फोटो दाखवला. दुर्गेश, चकचकीत शर्टात, एका मोठ्या टेबलामागे.

"लोक काही बी बोलून राहिले, मॅडम. माह्या पोराले पाहा. साहेब झाला. तुमच्यामुळं झाला." मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं, "माह्या भावाचा पोरगा हाय. बारावी झाला. दुर्गेश त्याले बोलवून राहिला. तुमी दोन महिने शिकवून द्या. घरीच शिकवा, कोनाले समजनार नाई."

"दुर्गेश तिथं का करते, तुमाले मालूम हाय?" न्यांबुरानं विचारलं.

शालीकरामनं मोबाईल खिशात टाकला. त्याला माहीत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण दिसलं आणि मग त्यानं ते पुसून टाकलं.

"काम करते," तो म्हणाला. "तुमाले नाई जमत तं राहू द्या. गोंदियात दुसरे क्लास हाय. तिकडं नवा मानूस आला हाय, तो महिनाभरात तयार करून देते म्हनते."

"पोराचं नाव का?"

त्यानं संशयानं तिच्याकडे पाहिलं. पण ती वहीतलं पान फाडून पेन घेऊन उभी होती, आणि त्याला वाटलं तिचं मन वळलं. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पोरगा उद्या दुपारी गोंदियाला त्या नव्या माणसाला भेटायला जाणार आहे, हेही सांगितलं.

तो गेल्यावर न्यांबुरानं आधी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग तिनं दिव्याला लावला.

"उद्या सकाळच्या पॅसेंजरनं येशील का?" तिनं विचारलं. "एका पोराच्या घरी जायचं आहे. माझं तो ऐकणार नाही."

पलीकडे मागे मंगली काहीतरी विचारत होती, ते अस्पष्ट ऐकू आलं.

"तो माझं बी नाई ऐकनार, मॅडम," दिव्या म्हणाली. "मी तरी कोनाचं ऐकलं असतं?"

"तरी ये."

"येतो," दिव्या म्हणाली आणि फोन ठेवला.